सत्तरीच्या आसपासच्या आईवडिलांसाठी जादा आरोग्य विमा कसा निवडायचा

माझ्या आत्याची पॉलिसी घेऊन चौदा महिने झाले होते, तेव्हा तिच्या छातीत दुखलं. स्टेंट बसला, जीव वाचला. पण क्लेम नाकारला गेला आणि पाठोपाठ पॉलिसीही रद्द झाली. कारण काय, तर अर्जात आजारांच्या पुढं ‘नाही’ लिहिलेलं आणि दवाखान्याच्या केसपेपरवर ‘मधुमेह, ५ वर्षे’ लिहिलेलं. अर्ज ओळखीच्या एजंटानं उंबऱ्यावर बसून दहा मिनिटांत भरला होता, आत्यानं फक्त सही केली होती. केसपेपरवरची माहिती रात्री अकरा वाजता घाबऱ्याघुबऱ्या मीच डॉक्टरांना दिली होती, आणि ती खरी होती. खोटं होतं ते अर्जातलं. बिलासाठी तिनं मुदत ठेव मोडली.

त्यानंतर आमच्या आबांसाठी (वय ७२) आणि आईसाठी (वय ६६) विमा घ्यायची वेळ आली, तेव्हा मी चार महिने घालवले. कागद वाचले, दवाखान्यांच्या विमा काउंटरवर जाऊन विचारलं, तीन कंपन्यांच्या अटी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. तुम्हाला तेवढा वेळ घालवायला लागू नये म्हणून हे सगळं क्रमानं लिहिते आहे. क्रम मात्र मोडू नका. बहुतेक घरांत पॉलिसी आधी घेतली जाते आणि बाकीचे प्रश्न दवाखान्यात भरती झाल्यावर पडतात.

१. घरात आधीच काय आहे ते शोधा

कपाटातली सगळी कागदपत्रं एका टेबलावर काढा. पेन्शनची ऑर्डर, बँकेचं पासबुक, रेशनकार्ड, जुन्या पॉलिसी, मुलाच्या कंपनीचं विमा कार्ड, सगळंच. आमच्याकडं आबा ठामपणे म्हणत होते, “माझा विमा हाय की, बँकेतनं दरवर्षी पैसे कापत्यात.” पासबुक उघडलं तर ते वर्षाला २० रुपये निघाले. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. तिच्यात अपघाती मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जास्तीत जास्त २ लाख मिळतात, तेही वयाच्या ७० वर्षांपर्यंतच. आजारपणाच्या बिलाशी तिचा काही संबंध नाही. हा गैरसमज मला किमान सहा घरांत दिसला, म्हणून सगळ्यात आधी पासबुक बघा.

मग या गोष्टी तपासा:

• केंद्र सरकारी पेन्शनर असतील तर सीजीएचएस, माजी सैनिक असतील तर ईसीएचएस या सरकारी आरोग्य योजना आहेत का.
• बँकेतून किंवा महामंडळातून निवृत्त झालेल्यांसाठी गट विमा चालू आहे का, आणि त्याचं नूतनीकरण कुणी करायचं.
• मुलाच्या किंवा मुलीच्या कंपनीच्या गट विम्यात आईवडील आहेत का. असतील तर चांगलंच, पण नोकरी गेली की ते कवच जातं. नोकरी सोडण्याआधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेता येईल का, हे लेखी विचारून ठेवा.
• जुनी एखादी मेडिक्लेम चालू आहे का. असेल तर ती कितीही लहान असू दे, बंद करू नका. तिच्यात गेलेली वर्षं पुढं फार कामाला येतात.

२. आयुष्मान कार्ड आधी काढा, विमा नंतर

वयाची ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाली. उत्पन्नाची अट नाही, पांढरं रेशनकार्ड असलं तरी चालतं, खासगी पॉलिसी असली तरी चालतं. वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. जुन्या आजारांना पहिल्या दिवसापासून संरक्षण, प्रतीक्षा काळ नाही. घरात नवरा-बायको दोघंही सत्तरीच्या वर असतील तर ते ५ लाख दोघांत मिळून. सीजीएचएस किंवा ईसीएचएस असलेल्यांना मात्र दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं.

कार्डासाठी आधार लागतं आणि आधारला जोडलेला मोबाईल हाताशी लागतो, कारण ओटीपी त्यावरच येतो. आयुष्मान ॲपवरून घरी काढता येतं, नाहीतर सीएससी केंद्रात किंवा योजनेतल्या रुग्णालयातल्या मदत कक्षात काढून देतात. माहितीसाठी १४५५५ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

इथं दोन ठिकाणी गाडी अडते. एक, आधारवर नंबर जुना असतो. आबांच्या आधारवर माझ्या भावाचा कधीच बंद झालेला नंबर होता. दुसरं, जन्मतारीख. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लावलेल्यांची संख्या आपल्याकडं काही कमी नाही. खरं वय काहीही असो, योजनेत वय मोजलं जातं ते आधारवरच्या तारखेवरून. पॅन, आधार आणि पेन्शनच्या कागदांवर तारीख व नावाचं स्पेलिंग एकसारखं आहे का ते आत्ताच बघा. पुढं विम्याच्या अर्जातही तेच लागणार आहे.

आईला सत्तरी गाठायला अजून चार वर्षं आहेत. तिच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. आता ती सगळ्या रेशनकार्डधारक कुटुंबांसाठी आहे आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख आहे. तिचा क्रमांक १५५३८८.

मग जादा विमा घ्यायचाच कशाला? हा प्रश्न आबांनीही विचारला आणि तो रास्त आहे. सरकारी योजना चालते ती योजनेत नोंदलेल्या रुग्णालयातच आणि ठरवून दिलेल्या उपचारांच्या यादीपुरतीच. सीपीआरमध्ये (आमच्या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) किंवा योजनेतल्या खासगी दवाखान्यात जायची तुमची तयारी असेल, तर कवच भक्कम आहे. पण ज्या डॉक्टरांकडं आई पंधरा वर्षं जाते आहे, त्यांचा दवाखाना योजनेत नसेल तर तिथं ते कार्ड चालत नाही. हे दोन्ही नीट तोलून बघा. ज्यांच्या खिशाला हप्ता जड जाणार आहे त्यांनी कर्ज काढून, पोटाला चिमटा घेऊन खासगी पॉलिसी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कार्ड काढावं, जवळची योजनेतली दोन रुग्णालयं माहीत करून ठेवावीत आणि हप्त्याचे पैसे बाजूला टाकत जावं.

३. दवाखाना आधी ठरवा

एका कागदावर तीन नावं लिहा: रात्री दोन वाजता रिक्षानं कुठं न्याल, मोठं ऑपरेशन कुठं कराल, आणि कोल्हापुरात जमलं नाही तर कुठं हलवाल. आमचं तिसरं नाव पुण्यातलं होतं, कारण भाऊ तिथं असतो. पुष्कळांचं मिरजेचं असतं.

मग त्या तिन्ही दवाखान्यांत जाऊन किंवा फोन करून विचारा की अमुक कंपनीचं कॅशलेस, म्हणजे कंपनीनं थेट दवाखान्याला बिल द्यायची सोय, चालू आहे का. कंपनीच्या संकेतस्थळावरच्या यादीवर विसंबू नका. एका दवाखान्याचं नाव यादीत होतं, आणि काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं की करार संपून काही महिने झाले.

आता आपल्या भागासाठी फार महत्त्वाची गोष्ट. काही कंपन्या शहरांचे झोन पाडतात. कोल्हापूरच्या पत्त्यावर हप्ता कमी बसतो, आणि तो पाहून माणूस खूश होतो. पण त्याच पॉलिसीवर पुण्या-मुंबईत उपचार घेतले तर बिलाचा काही टक्के भाग आपल्याला भरावा लागतो. सहा महिने शिवाजी पेठेत आणि सहा महिने मुलाकडं हिंजवडीत राहणाऱ्या आईवडिलांसाठी ही अट महागात पडते. “वरच्या झोनमध्ये उपचार घेतले तर किती कापणार?” हे ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

४. कुठला प्रकार आणि किती रकमेचा

नेहमीची मूळ पॉलिसी पहिल्या रुपयापासून पैसे देते. टॉप-अप आणि सुपर टॉप-अप या पूरक पॉलिसी. त्या एका ठरावीक रकमेच्या वरच्या खर्चालाच लागू होतात. त्या रकमेला वजावट म्हणतात, एजंट ‘डिडक्टिबल’ म्हणेल. ती आपल्या मूळ पॉलिसीतून किंवा खिशातून जाते, म्हणून या पॉलिसींचा हप्ता बराच कमी असतो.

नावं सारखी आहेत, काम सारखं नाही. समजा मूळ पॉलिसी ३ लाखांची आणि पूरक पॉलिसीची वजावटही ३ लाखांची. मार्चमध्ये २ लाखांचं बिल झालं, ते मूळ पॉलिसीनं दिलं. त्याच पॉलिसी वर्षात ऑगस्टमध्ये पुन्हा २.५ लाखांचं झालं. मूळ पॉलिसीत १ लाख उरले होते, ते मिळाले. राहिलेले १.५ लाख कोण देणार? साधा टॉप-अप प्रत्येक भरतीचा खर्च वेगळा मोजतो. २.५ लाख हे ३ लाखांच्या आत, म्हणून शून्य. सुपर टॉप-अप वर्षभराची बेरीज करतो. साडेचार लाखांतून ३ लाख वजा, म्हणजे १.५ लाख तो देतो. म्हाताऱ्या माणसाला वर्षात दोनदा-तीनदा भरती व्हावं लागू शकतं, म्हणून ज्येष्ठांसाठी सुपर टॉप-अपच बघा.

मूळ पॉलिसी मिळतच नसेल, किंवा परवडत नसेल, तर नुसता सुपर टॉप-अपही घेता येतो. मग वजावटीएवढी रक्कम मुदत ठेवीत वेगळी ठेवा आणि तिला हात लावू नका.

रोज अमुक हजार देणारी ‘हॉस्पिटल कॅश’ पॉलिसी स्वस्त दिसते. ती बिल भरत नाही, ठरलेली रक्कम देते. डबा, रिक्षा, सोबतच्या माणसाचा खर्च यासाठी ठीक. मुख्य विमा म्हणून नको.

वय जास्त म्हणून कुणी दारातूनच परत पाठवत असेल तर ऐकून घेऊ नका. १ एप्रिल २०२४ पासून नवीन पॉलिसीसाठी असलेली ६५ वर्षांची अट आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेनं काढून टाकली आहे. कंपनी तब्येत पाहून नाकारू शकते, पण त्याचं कारण मागा. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. जुन्या कोटेशनमध्ये १८ टक्के मिळवलेले दिसले तर नवीन मागवा.

५. हप्त्याच्या आकड्याआधी या अटी वाचा

खोलीभाड्याची मर्यादा. सगळ्यात जास्त घरं इथं फसतात, म्हणून हिशेबच करून दाखवते. पॉलिसी ३ लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा रोज १ टक्का, म्हणजे ३,००० रुपये. तुम्ही आईला जरा निवांत वाटावं म्हणून ६,००० ची खोली घेतलीत, चार दिवस. बिल १,८०,००० रुपये झालं: खोली २४,०००, डॉक्टर-ऑपरेशन थिएटर-नर्सिंग १,००,०००, औषधं व तपासण्या ५६,०००. तुम्हाला वाटतं की खोलीचे जादा १२,००० तेवढे आपण भरू. तसं होत नाही. खोली दुप्पट दराची घेतली, म्हणून डॉक्टर आणि थिएटरचा खर्चही निम्माच मंजूर होतो. खोलीचे १२,०००, मधले ५०,००० आणि औषधं-तपासण्यांचे ५६,०००, मिळून १,१८,०००. बाकीचे ६२,००० तुमच्या खिशातून. त्यात २० टक्के सहभागाची (मंजूर रकमेतला तेवढा वाटा आपण भरायची) अट असेल तर मंजूर रकमेतूनही २३,६०० जातात. म्हणजे १,८०,००० पैकी हातात ९४,४००.

म्हणून खोलीभाड्याची मर्यादा नसलेली, किंवा ‘सिंगल प्रायव्हेट रूम’ असं स्पष्ट लिहिलेली पॉलिसी थोडी महाग असली तरी घ्या. मर्यादा असलेली आधीच घेतली असेल तर भरती होताना काउंटरवर आकडा सांगून त्याच दरातली खोली मागा.

सहभाग, म्हणजे को-पे. ज्येष्ठांच्या पॉलिसीत हे सर्रास असतं. १० टक्के समजू शकतो. ३० टक्के असेल तर मी ती पॉलिसी खाली ठेवते.

ठरावीक आजारांच्या मर्यादा. मोतीबिंदू, गुडघेबदल, हर्निया यांच्यापुढं प्रत्येकी किती रक्कम लिहिली आहे ते बघा.

प्रतीक्षा काळ. आधीपासून असलेल्या आजारांसाठी तो आता जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो. मोतीबिंदू, गुडघे अशा काही उपचारांसाठी बहुधा दोन वर्षं थांबावं लागतं, आणि अपघात सोडून इतर आजारांना पहिले ३० दिवस संरक्षण नसतं. जुनी पॉलिसी असेल तर ती सोडून नवी घेऊ नका, पोर्ट करा, म्हणजे तीच दुसऱ्या कंपनीकडं हलवा. पोर्ट केल्यावर जुन्या विमा रकमेपुरती मागची वर्षं धरली जातात. नूतनीकरणाच्या तारखेआधी दीड-दोन महिने अर्ज टाका, शेवटच्या आठवड्यात धावपळ करून ते होत नाही.

६. अर्ज गोळ्यांचा डबा समोर ठेवून भरा

एजंटाला अर्ज भरू देऊ नका. माणूस चांगला असेल, नात्यातला असेल, तरीही नको.

आमच्या घरी गोळ्या बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात असतात. तो मी टेबलावर उपडा केला. आबा म्हणाले, “मला काय धाड भरल्या? लिही, काय न्हाई म्हणून.” डब्यातून रक्तदाबाची पट्टी निघाली, अर्धी संपलेली. “ती रोजचीच हाय, तिला काय औषध म्हणायचं?” मग थायरॉईडची छोटी बाटली निघाली, ती आईची. दोन वर्षांपूर्वीच्या हर्नियाच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड डब्याच्या तळाशी घडी घालून ठेवलेलं होतं. आबांना ते ऑपरेशन झाल्याचं आठवत होतं, पण ‘आजार’ म्हटल्यावर ते त्यात मोजायचं असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. आपली माणसं खोटं बोलत नाहीत. रोजची गोळी हा त्यांच्या लेखी आजारच नसतो.

एकेक पट्टी उचला आणि लिहा: गोळीचं नाव, कशासाठी, कधीपासून. ‘कधीपासून’ नक्की आठवत नसेल तर डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठीवरची तारीख बघा. आणि हीच तारीख घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. भरती करताना डॉक्टर विचारतात, आणि घाबरलेला माणूस तीन वर्षांच्या जागी “झाली की आठ-दहा वर्षं” असं बोलून जातो. तेच केसपेपरवर येतं, आणि प्रामाणिकपणे भरलेल्या अर्जावरही शंका घेतली जाते.

अर्जानंतर कंपनीच्या डॉक्टरांचा फोन किंवा व्हिडिओ कॉल येतो. तो रेकॉर्ड होतो. त्या वेळी शेजारी बसा. “तब्येत कशी आहे?” असं विचारलं की आपल्याकडचं म्हातारं माणूस सवयीनं “एकदम बेस” म्हणतं. आबाही म्हणाले. मी लिहून दिलेला कागद पुढं सरकवला, मग त्यांनी चष्मा लावून एकेक गोळी वाचून सांगितली.

खरं सांगितल्यानं हप्ता वाढेल, कदाचित एखादी कंपनी नकारही देईल. आम्हाला एका कंपनीनं दिला. दुसरीनं थोडा जादा हप्ता लावून घेतलं. आत्यानं खरं लिहिलं असतं तर मधुमेहासाठी तिला थांबावं लागलं असतं, पण पॉलिसी तरी हातात राहिली असती.

लागणारी कागदपत्रं: आधार, पॅन, फोटो, रद्द केलेला चेक, जुन्या पॉलिसी, गेल्या तीन वर्षांतले रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड, चालू औषधांच्या चिठ्ठ्या, नॉमिनीची माहिती. हप्ता कंपनीच्या नावानं चेकनं किंवा ऑनलाइन भरा. रोख भरलेल्या हप्त्यावर करवजावट मिळत नाही. जुन्या करपद्धतीत ज्येष्ठांच्या हप्त्यावर ती ५०,००० रुपयांपर्यंत असते.

७. पॉलिसी आल्यावरचे ३० दिवस

पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. त्या दिवसांत अर्जाची छापील प्रत उघडून आजारांच्या रकान्यात आपण सांगितलं तेच आलं आहे का, हे बघा. आईच्या प्रतीत थायरॉईड गायब होतं. ईमेल करून दुरुस्ती करून घेतली. जन्मतारीख, नॉमिनी, झोन, सहभागाचा टक्का हे सगळं ग्राहक माहितीपत्रकात दोन-तीन पानांत असतं. ते आईवडिलांसमोर मोठ्यानं वाचा.

नूतनीकरणाची तारीख कालनिर्णयवर लाल पेनानं लिहून ठेवा. सलग ५ वर्षं पॉलिसी चालली की, सिद्ध झालेली फसवणूक सोडली तर, माहिती लपवली या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. मधेच खंड पडला की हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. हप्त्याबद्दलही एक लक्षात ठेवा: जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी आयआरडीएआयशी सल्लामसलत करावी लागते. यापेक्षा मोठी वाढ आली तर खुलासा मागा.

८. दवाखान्याची फाईल

एक प्लास्टिकची फाईल दाराजवळच्या खुंटीला अडकवा. आत विमा कार्ड, आयुष्मान कार्ड, आधारची प्रत, गोळ्यांची यादी तारखांसह, आणि खोलीभाड्याची मर्यादा मोठ्या अक्षरात. घरात कोण असेल सांगता येत नाही. शेजारच्या काकूंनाही ती सापडली पाहिजे.

कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीनं एका तासात आणि डिस्चार्जच्या मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा असतो. पैसे भरून नंतर मागायचे असतील तर मूळ बिलं, तपशीलवार बिल, औषधांच्या पावत्या, रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड घ्या. स्टेंट किंवा डोळ्यात लेन्स बसवली असेल तर तिच्या खोक्यावरचं स्टिकर मागून घ्या. ते नसलं की क्लेम अडतो. डिस्चार्ज कार्ड हातात पडताच तिथंच वाचा. आजाराचा काळ चुकीचा लिहिला असेल तर डॉक्टरांकडून जागेवरच दुरुस्त करून घ्या, कारण घरी गेल्यावर ते सोपं राहत नाही.

९. क्लेम नाकारला तर

कारण लेखी मागा, आणि पॉलिसीतलं कुठलं कलम लावलं तेही. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार नोंदवता येते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडं जा. कोल्हापूरसाठी ते पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात. कंपनीच्या अंतिम उत्तरानंतर एका वर्षाच्या आत तक्रार द्यावी लागते.

आत्याच्या वेळी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्हाला कळलं तोवर ते वर्ष उलटून गेलं होतं. नकाराचं पत्र आलं की पाकिटावर तारीख लिहा आणि त्याच आठवड्यात पहिला ईमेल पाठवा.